किनारा न दिसणारे दिवस

दिल्लीला समुद्र नाही. यमुनाकाठच्या या महानगरातून समुद्र गाठायचा म्हटले, तर राजस्थान आणि गुजरात ओलांडावे लागतात. तरीही द्वारका, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद अशा राजधानी परिसरातील वसाहतींमधून आज अनेक कुटुंबे सागरी सफरींचे बेत आखताना दिसतात. त्यांत नुकतीच निवृत्ती घेतलेली दांपत्येही असतात. कोणी मुंबईहून निघते, कोणी विमानाने सिंगापूरला किंवा भूमध्य समुद्रावरील एखाद्या बंदराला जाऊन तेथे जहाजावर चढते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून एकदाच काढलेली अशी ही सफर असते, किंवा मुलांनी आईवडिलांना दिलेली भेट असते.

सहलीची छापील कार्यक्रमपत्रिका हाती आली की बंदरांची नावे मोठ्या उत्साहाने वाचली जातात. मात्र त्या यादीत काही तारखांसमोर कोणत्याही गावाचे नाव नसते. तेथे केवळ ‘ॲट सी’ एवढेच लिहिलेले असते. त्या दिवशी जहाज कोठेही थांबणार नाही. सकाळी खिडकीतून पाणी दिसेल आणि संध्याकाळीही पाणीच दिसेल. लांबच्या सफरीत असे दिवस एकापाठोपाठ एक चार-पाचही येऊ शकतात. ‘मग त्या दिवसांत करायचे काय?’ हा प्रश्न अनेकांना पडतो. काहींना तो प्रत्यक्ष जहाजावर दुसऱ्या दिवशी दुपारी पडतो. याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जहाजाची चाल आणि दिवसांचा हिशेब

समुद्रातले हे दिवस कार्यक्रमात पोकळी राहिली म्हणून येत नाहीत; ते जहाजाच्या गतीमुळे येतात. समुद्रावरील अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि ताशी एक सागरी मैल या गतीला एक ‘नॉट’ म्हणतात. मोठे प्रवासी जहाज साधारणपणे २० नॉटच्या आसपास चालते, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर. नवी दिल्ली ते मुंबई सेंट्रल हे १,३८४ किलोमीटरचे अंतर राजधानी एक्स्प्रेस एका रात्रीत कापते. तेवढ्याच अंतराला या जहाजाला सदतीस तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. मात्र जहाज रात्रंदिवस अखंड चालत असल्याने चोवीस तासांत ते सुमारे ८९० किलोमीटर पुढे गेलेले असते.

हा हिशेब ध्यानात घेतला की कार्यक्रमपत्रिकेतील मोकळ्या तारखांचा उलगडा होतो. भूमध्य समुद्रात बंदरे जवळजवळ असल्याने तेथे असे दिवस थोडे असतात. याउलट इंग्लंडमधील साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत जाणाऱ्या जहाजावर मधले सहाही दिवस अटलांटिकवरच जातात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून अंटार्क्टिकाला जाताना ड्रेक सामुद्रधुनी ओलांडण्यास जाताना व येताना प्रत्येकी सुमारे दोन दिवस लागतात. म्हणून सफर निवडताना बंदरांची नावे मोजण्याबरोबर समुद्रातले दिवसही मोजावेत. ज्याला शहरे पाहायची आहेत त्याने ते कमी असलेली सफर घ्यावी. ज्याला विश्रांती हवी आहे त्याला ते अधिक असले तरी चालतील.

आगगाडीतून थेट धक्क्यावर

शंभर वर्षांपूर्वी दिल्लीकर प्रवाशाला या दिवसांची फारशी निवड नव्हती. विलायतेला जायचे तर मुंबई गाठावी लागे आणि टपाल-आगबोटीने मार्सेल्सपर्यंतच सुमारे दोन आठवडे लागत. या बोटींच्या सोयीसाठी मुंबईच्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्यालगत रेल्वेचे स्वतंत्र स्थानक होते. १ सप्टेंबर १९२८ रोजी मुंबई ते पेशावर अशी सुरू झालेली फ्रंटियर मेल दिल्लीवरूनच जात असे आणि तिची सांगड या आगबोटींशी घातलेली होती. दिल्लीकडून आलेला प्रवासी गाडीतून उतरून काही पावलांवर बोटीत चढू शकत असे. ते स्थानक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद झाले. परंतु आजही मुंबईहून सागरी सफरीला निघणारा प्रवासी त्याच बॅलार्ड पिअर परिसरात येतो. तेथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले आहे.

त्या काळच्या आगबोटींवर आजच्यासारखी नाट्यगृहे, पोहण्याचे अनेक तलाव अथवा रात्रीचे कार्यक्रम नव्हते. डेकवरच्या आरामखुर्च्या, जेवणाची घंटा, पत्त्यांचे डाव आणि भोवतालचा समुद्र एवढाच पसारा होता. अशा वेळी वेळ कसा गेला हे सर्वस्वी प्रवाशावर अवलंबून असे. त्याचे बोलके उदाहरण एकाच व्यक्तीच्या दोन प्रवासांत सापडते.

एकच प्रवासी, दोन प्रवास

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी मुंबईहून ‘क्लाइड’ या बोटीने इंग्लंडला निघाला. इंग्रजी बोलण्याची सवय नव्हती. काट्या-चमच्याने खाणे जमत नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्याला विचारण्याचा धीरही होत नव्हता. घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर त्याने बरेच दिवस काढले. खोलीतील सहप्रवासी, वकील असलेले मजमुदार, बोटीवर मोकळेपणाने फिरत आणि लोकांत मिसळत; हा विद्यार्थी मात्र दिवसभर खोलीतच बसे. डेकवर माणसे कमी असतील तेव्हाच तो वर येत असे. हे सर्व गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

एकवीस वर्षांनी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, तेच गांधी लंडनहून दक्षिण आफ्रिकेला ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीने परतत होते. लंडनमधील शिष्टमंडळाच्या कामाला अपेक्षित यश आलेले नव्हते. १३ ते २२ नोव्हेंबर या दहा दिवसांत, बोटीवर मिळणाऱ्या कागदांवर, त्यांनी गुजरातीत ‘हिंद स्वराज’ लिहून काढले. २७५ पानांच्या त्या हस्तलिखितातील सुमारे ४० पाने त्यांनी उजवा हात थकल्यावर डाव्या हाताने लिहिली. पुढच्याच महिन्यात ते ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकात दोन हप्त्यांत प्रसिद्ध झाले.

समुद्र दोन्ही वेळी सारखाच होता. पहिल्या खेपेस प्रवाशापाशी संकोच होता; दुसऱ्या खेपेस त्याच्या मनात एक विषय सिद्ध होता. समुद्रातले दिवस माणसाला नवीन काही देत नाहीत. आपण बरोबर जे नेतो त्यालाच ते भरपूर जागा देतात.

भारतीय विज्ञानाच्या इतिहासातही याची दोन उदाहरणे आहेत. १९२१ मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परतताना सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे लक्ष भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने वेधले. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असा समज त्या वेळी रूढ होता. रामन यांच्यापाशी निकोल प्रिझम हे लहानसे उपकरण होते. त्यातून पृष्ठभागावरचे परावर्तन वगळून पाहिले तरी पाण्याचा निळा रंग टिकून राहिला. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. मुंबई बंदरात बोट लागताच त्यांनी या विषयावरील टिपण ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडले. याच वाटेने पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणामा’चा शोध लागला.

रामन यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे १९३० मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुंबईहून केंब्रिजला निघाले. प्रवासाचे आरंभीचे दिवस खवळलेल्या समुद्राने त्रासदायक गेले. समुद्र शांत झाल्यावर त्यांनी ताऱ्यांच्या अंतिम अवस्थेचे गणित हाती घेतले. श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला, सूर्याच्या सुमारे १.४ पट इतकी, एक कमाल मर्यादा असते हा निष्कर्ष त्या प्रवासात आकाराला आला. १९८३ च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचणाऱ्या कार्याचा तो आरंभ होता.

प्रत्येक प्रवाशाने ग्रंथ लिहावा किंवा शोध लावावा असा याचा अर्थ नाही. चंद्रशेखरांचे पहिले दिवसही त्रासातच गेले, ही गोष्ट सामान्य प्रवाशाला दिलासा देणारी आहे. पहिला दिवस शरीराला देऊन टाकावा आणि दुसऱ्या दिवसापासून हाती एखादे काम घ्यावे, एवढा बोध त्यातून पुरेसा आहे.

दिवसाचे तुकडे करण्याची नाविकांची रीत

समुद्रावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या नाविकांनी मोकळ्या काळावर फार पूर्वी एक उपाय शोधून ठेवला आहे. तो म्हणजे पाळ्या. चोवीस तासांचे चार-चार तासांचे सहा भाग पडतात. त्यांतील दुपारी चार ते रात्री आठ हा भाग दोन-दोन तासांत विभागला की एकूण सात पाळ्या होतात. संख्या विषम झाल्यामुळे तीच माणसे रोज त्याच पाळीला येत नाहीत आणि मध्यरात्रीची जागरणे सर्वांच्या वाट्याला सारखी येतात. या रचनेमुळे अथांग वाटणारा दिवस लहान, हाताळता येण्याजोग्या तुकड्यांत विभागला जातो.

भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून केलेली पृथ्वीप्रदक्षिणा हे अलीकडचे उदाहरण आहे. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघालेली ही नौका २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, गोव्यात परतली. त्यांतील १९९ दिवस प्रत्यक्ष समुद्रात गेले. १९ ऑक्टोबर २०१७ ची दिवाळीही त्यांना हिंदी महासागरावरच आली. अवघ्या सतरा मीटर लांबीच्या नौकेत सहा जणींना इतका काळ एकत्र काढायचा, तर कामाची वाटणी आणि वेळेची शिस्त यांवाचून गत्यंतर नसते.

दिल्लीशी थेट नाते असलेले आणखी एक उदाहरण जुने आहे. केंद्र सरकारच्या महासागर विकास विभागाची स्थापना जुलै १९८१ मध्ये दिल्लीत झाली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला विभागाचे सचिव डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांचे पहिले भारतीय पथक गोव्याहून ‘पोलर सर्कल’ जहाजाने निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले. मधला महिनाभराचा काळ पथकातील शास्त्रज्ञांनी सागरी निरीक्षणांसाठी उपयोगात आणला.

सुटीवर गेलेल्या प्रवाशाला इतकी कठोर शिस्त नको असते. तरीही दिवसाला तीन-चार खुंट्या असाव्यात. सूर्योदयाच्या सुमारास डेकवर फेऱ्या, न्याहारीनंतर दोन तास वाचन किंवा लेखन, दुपारी थोडी विश्रांती, संध्याकाळी नव्या ओळखीच्या माणसांबरोबर पत्ते अथवा गप्पा, एवढे ठरलेले असले की उरलेला मोकळा वेळ सुखाचा होतो.

पंचवीस तासांचा दिवस

पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर वेळ वाढतोही. पृथ्वी तासाला पंधरा रेखांश फिरते. त्यामुळे पश्चिमेकडे पंधरा अंश गेल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. तो दिवस पंचवीस तासांचा होतो. पूर्वेकडे जाताना उलट तेवीस तासांचा. विमानाने हा सारा बदल एका रात्रीत अंगावर येतो. जहाजावर तो दर एक-दोन दिवसांनी तासातासाने होत असल्याने शरीर सहज जुळवून घेते. मात्र मधुमेह, रक्तदाब अशा विकारांची औषधे ठरावीक अंतराने घेणाऱ्यांनी घड्याळ बदलल्यावर मात्रेची वेळ कशी ठेवावी हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. औषधे हातातील पिशवीतच असावीत, कारण मोठे सामान खोलीत पोहोचण्यास कित्येक तास लागू शकतात. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील खोली घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. मळमळू लागल्यास पुस्तक बाजूला ठेवून उघड्यावर यावे आणि क्षितिजाकडे पाहावे.

कंटाळ्याची किंमत

समुद्रातल्या दिवसाची एक आर्थिक बाजूही आहे. जहाज बंदरात असते तेव्हा प्रवासी गावात उतरून खर्च करतात. जहाज समुद्रात असते तेव्हा त्यांचा खर्च जहाजावरच होतो. करमुक्त दुकाने आणि जुगारखाना बहुधा बंदरात बंद असतात आणि किनाऱ्यापासून पुरेसे दूर गेल्यावर उघडतात. मुख्य भोजनगृहातील जेवण, पोहण्याचा तलाव, ग्रंथालय, व्याख्याने आणि रंगमंचावरील कार्यक्रम सामान्यतः भाड्यात समाविष्ट असतात. मालिश, खास उपाहारगृहे, छायाचित्रे, मद्य, इंटरनेट यांचे पैसे वेगळे पडतात.

जहाजावर रोख रकमेचा व्यवहार क्वचित होतो. खोलीची किल्ली असलेले कार्ड पुढे केले की रक्कम खात्यावर चढते आणि बिल शेवटच्या दिवशी हाती येते. दुपारी करमत नाही म्हणून दुकानांतून मारलेली एक फेरी, संध्याकाळी आणखी एक. प्रत्येक वेळची रक्कम लहान असते. बेरीज मात्र लहान नसते. ज्या दिवसाचे पैसे भाड्यात आधीच भरलेले आहेत, तो घालवण्यासाठी पुन्हा पैसे मोजणे हे दुहेरी खर्चाचे लक्षण होय. आपले खाते रोज सकाळी एकदा स्वागतकक्षात अथवा खोलीतील दूरचित्रवाणीवर पाहण्याची सवय ठेवली, तर शेवटच्या दिवशी धक्का बसत नाही.

म्हणून कंटाळ्यावरचे साधन घरूनच न्यावे. मुंबईहून निघणाऱ्या सफरींचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो, म्हणजे दिवाळी अंकांच्याच सुमारास. एरवी वर्षभर उशाशी पडून राहणाऱ्या दोन-तीन दिवाळी अंकांना याहून चांगला वाचक मिळणार नाही. पत्त्यांचा एक जोड, विणकामाची लोकर, दुर्बीण, एक कोरी वही ही सारी सामग्री पिशवीच्या एका कोपऱ्यात मावते. कुटुंबाचा इतिहास, आजोबा दिल्लीत कोणत्या साली आले, पहिले घर पहाडगंजला होते की करोलबागेत, हे लिहून ठेवायचे वर्षानुवर्षे राहून गेलेले असते. त्यासाठी लागणारे सलग चार दिवस दिल्लीत मिळत नाहीत. समुद्रावर ते मिळतात.

निघण्यापूर्वी बँकेची कामे

समुद्रात मन निश्चिंत राहायचे असेल तर जमिनीवरची कामे आधी उरकलेली असावीत. ग्राहकांनी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

• केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो; ८० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. दाखला वेळेत न पोहोचल्यास पुढील निवृत्तिवेतन थांबू शकते. नोव्हेंबरमध्ये प्रवास असल्यास ‘जीवन प्रमाण’ची डिजिटल सोय वापरून महिन्याच्या आरंभीच हे काम पूर्ण करावे, अथवा प्रवासाच्या तारखा त्यानुसार ठरवाव्यात.

• खोल समुद्रात मोबाइलची नेहमीची सेवा नसते. जहाजावरील उपग्रह सेवेचे दर फार चढे असू शकतात. म्हणून फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा. याचाच अर्थ असा की व्यवहारासाठी लागणारा ओटीपी तेथे येईलच असे नाही. वीज, दूरध्वनी, विम्याचे हप्ते, क्रेडिट कार्डाची देयके यांची व्यवस्था निघण्यापूर्वीच स्थायी सूचनांद्वारे करावी.

• कार्डावर परदेशातील व्यवहारांची सोय बंद असल्यास ती चालू करून मर्यादा ठरवून घ्यावी. जहाजाच्या खात्यासाठी डेबिट कार्ड दिल्यास काही रक्कम खात्यात अडकून राहू शकते आणि ती मोकळी होण्यास काही दिवस लागतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड सोयीचे पडते.

• प्रवासकाळात मुदत पूर्ण होणाऱ्या ठेवींच्या नूतनीकरणाची सूचना देऊन ठेवावी. नामांकन नोंदलेले आहे याची खात्री करावी. प्रवास विमा घेताना त्यात जहाजावरील उपचार आणि समुद्रातून रुग्णास हलवण्याचा खर्च अंतर्भूत आहे का, हे वाचून पाहावे.

परतीचा प्रवास

राजधानी परिसरातील नोकरदाराचा दिवस इतरांनी आखलेला असतो. मेट्रोची वेळ, कार्यालयाची हजेरी, बैठका, रस्त्यावरची कोंडी यांत तीस-पस्तीस वर्षे निघून जातात आणि पती-पत्नींना एकमेकांसमवेत सलग एक अख्खा दिवस क्वचितच मिळतो. निवृत्तीनंतर ही सारी चौकट एका संध्याकाळी नाहीशी होते. समोर मोकळ्या दिवसांची रांग उभी राहते आणि तिच्यात कोणतेच बंदर दिसत नाही. पुष्कळांची अस्वस्थता येथूनच सुरू होते.

समुद्रातले दिवस ही या काळाची छोटीशी रंगीत तालीम आहे. तेथे जे दांपत्य सकाळच्या फेऱ्या, आपापले वाचन आणि संध्याकाळची एकत्र बैठक अशी घडी बसवू शकते, त्याला ती घडी द्वारकेच्या किंवा नोएडाच्या सदनिकेतही बसवता येते. दुपारचे काही तास एकमेकांपासून वेगळे, आपापल्या छंदात घालवण्यात गैर काही नाही, ही जाणीवही तेथेच होते. निवृत्तीसाठी पैशांची तरतूद करताना ग्राहक अनेक वर्षे आधीपासून विचार करतात. वेळेची तरतूद मात्र सहसा कोणी करत नाही. पुढील सफरीच्या कार्यक्रमपत्रिकेत गावाचे नाव नसलेली तारीख दिसली, तर ती तरतूद करण्यास लाभलेली सवड म्हणून तिच्याकडे पाहावे, आणि पिशवीत एक कोरी वही अवश्य ठेवावी.